आमच्याकडे असं कोणी नाही

अॅडमिशन घेतल्यापासून आपण किती फॉर्म भरले असतील? आय-कार्डचा, स्कॉलरशिपचा, रेल्वे कन्सेशनचा, एक्झामचा, गॅदरिंगचा... त्यातल्या बऱ्याच फॉर्मांत कोपऱ्यात एक छोटीशी रिकामी जागा असते : ‘रक्तगट’. तुम्ही तिथे दोन सेकंदांत उत्तर लिहून पुढे जाता. मी तिथे अडते. कारण माझ्या शाळेच्या आय-कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे, बारावीनंतरच्या एका सर्टिफिकेटवर ‘ए पॉझिटिव्ह’ आहे, आणि गेल्या वर्षीच्या रिपोर्टवर यातलं काहीच नाही. तिथे लिहिलंय, ‘मिक्स्ड फील्ड. पुढील तपासणी आवश्यक.’

मिक्स्ड फील्ड म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगते. रक्ताच्या थेंबात एक विशिष्ट द्रव टाकतात. गट ‘ए’ असेल तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, ‘ओ’ असेल तर काहीच होत नाही. माझ्या थेंबात काही पेशींच्या गुठळ्या झाल्या आणि बाकीच्या खुशाल मोकळ्या फिरत राहिल्या. नीट न घुसळलेल्या ताकासारखं! रक्तदान शिबिरातल्या ताईंनी पुन्हा टेस्ट केली, पुन्हा तेच. मग त्यांनी विचारलं, “तुला कधी रक्त चढवलंय का गं?” मी म्हटलं, “नाही.” “नक्की? लहानपणी?” “नाही हो.” त्या दिवशी माझ्याकडून रक्त घेतलं नाही, पण बिस्किटाचा पुडा मात्र दिला.

आता हे एवढंच असतं तर मी विसरून गेले असते. पण माझ्या बाबतीत बाकीही बरंच काही आहे, आणि ते जन्मापासून आहे. माझ्या पोटावर बरोब्बर मधोमध एक उभी रेघ आहे. रेघेच्या उजवीकडची कातडी सावळी, डावीकडची उजळ. उजवा हात डाव्यापेक्षा काळा. पाठीवर भोवऱ्यासारखी वळणं, पाण्यात रंग सोडल्यावर दिसतात तशी. उजवा डोळा आईसारखा काळाभोर आणि डावा घारा. दुखत काही नाही, खुपत काही नाही. फक्त दिसतं. आणि दिसतं म्हणून लोक विचारतात.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे. आईचं माहेर मुरबाड तालुक्यात, सरळगावपासून आत. एसटीने गेलं तर मध्ये फार अंतर नाही, पण माझ्या बारशाला ते अंतर खूप वाढलं असं आत्या सांगते. शहापूरकडच्या आजीने मला दुपट्यातून उघडून पाहिलं आणि म्हणाली, “आमच्याकडे असं कोणी नाही.” मुरबाडकडची आजी काय कमी आहे? ती म्हणाली, “आमच्याकडे तर सात पिढ्यांत नाही!” दोन्ही घरांनी आपापले हात झटकले. मग उरली कोण? आई.

आणि आईवर ठेवायला कारणही आयतंच मिळालं. २९ मार्च २००६ ला, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, फाल्गुन अमावास्येला सूर्यग्रहण होतं. तुर्कस्तान, लिबिया वगैरे भागांत ते खग्रास दिसलं, आपल्याकडे उतरत्या उन्हात थोडंसंच. आईला तेव्हा पाचवा महिना होता. गरोदर बाईने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, शिवू नये, नाहीतर पोराला खोट येते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आईलाही माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशीच्या आंबेडाळीसाठी आणलेल्या कैऱ्या समोर होत्या आणि डोहाळे कडक होते. तिने विळी घेतली आणि एक कैरी चिरली. ऑगस्टमध्ये मी झाले, पोटावर मधोमध सरळ रेघ घेऊन.

तुम्हीच सांगा, यापेक्षा जास्त पुरावा कोणत्या कोर्टाला हवा?

मग सुरू झाली धावपळ. भगताकडे नेलं. पौषातल्या म्हसाच्या जत्रेत मुरबाडच्या आजीने म्हसोबाला नवस बोलला. डाव्या अंगाला हळद आणि उजव्या अंगाला साय चोळून बघितली, कुठला रंग कुठल्या रंगात येतो म्हणून! क्रीम आणून झाली. एका डॉक्टरांनी कोड असेल म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जन्मखूण आहे म्हणून त्या बंद केल्या. कॉन्व्हेंटमध्ये मुली मला ‘टू-टोन’ म्हणायच्या. त्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. सिस्टर पी.टी.च्या तासाला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालू द्यायच्या, आणि वर्गात जाड्या, चष्मिस, बुटकी अशी बाकीचीही नावं होतीच.

वाईट वाटायचं ते आईचं. आजी तिला रोज बोलायची असं मुळीच नाही. आजी चांगली आहे, आईच्या आजारपणात तिने सगळं घर एकटीने ओढलंय. पण वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी पाहुणं यायचं, माझ्या हाताकडे बघायचं, आणि आजी सुस्कारा सोडून म्हणायची, “मी तवाच सांगितलं होतं.” एवढंच वाक्य. आई तेव्हा चहा गाळत असायची. ती काही बोलायची नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. नाताळची सुट्टी होती, मी तेरा वर्षांची होते. आईने आदल्या रात्रीच विळी, सुऱ्या, कात्री, अगदी माझ्या कंपासपेटीतलं ब्लेडसुद्धा एका फडक्यात बांधून कपाटावर ठेवलं. घरात गरोदर कोणीच नव्हतं.

तर, शिबिरानंतर पप्पा आणि मी आसनगावहून लोकल पकडून मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या जेनेटिक्स ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी पाठीवरची वळणं बघितली आणि म्हणाल्या, “या रेषांना नाव आहे बरं का. ब्लाश्कोच्या रेषा.” आल्फ्रेड ब्लाश्को नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने कितीतरी रुग्णांच्या अंगावरचे नमुने कागदावर उतरवून १९०१ साली त्यांचा नकाशा मांडला. गर्भ वाढताना कातडीच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात त्या या वाटा. त्या सगळ्यांच्याच अंगावर असतात, फक्त एरवी दिसत नाहीत. शेजारशेजारच्या वाटांनी वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी गेल्या तरच दिसतात. मला इतकं बरं वाटलं! म्हणजे माझ्या पाठीवर जे आहे ते तुमच्याही पाठीवर आहे, माझ्यात फक्त प्रिंट उमटलीय.

मग मॅडमनी केस पेपरच्या मागे तीन चौकटी काढल्या.

पहिली चौकट : ‘ए-थ्री’. हा ‘ए’ गटाचाच एक दुबळा उपप्रकार आहे आणि त्यात अशीच अर्धवट गुठळी होते. मग रक्ताचा आणि कातडीचा एकमेकांशी काही संबंधच नाही, दोन वेगळ्या गोष्टी योगायोगाने एका मुलीत आल्या.

दुसरी चौकट : मोझेक. जुन्या घरांतल्या मोझेक टाइल्स आठवा. गर्भ एकच, पण अगदी सुरुवातीला एका पेशीत छोटा बदल झाला आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तो बदल घेऊन वाढल्या.

तिसरी चौकट : कायमेरा. आईच्या पोटात दोन बीजं, दोन वेगवेगळे गर्भ, म्हणजे जुळ्या बहिणी. आणि पहिल्या काही दिवसांतच, दोघी म्हणजे पेशींचे नुसते चिमुकले गोळे असताना, त्या एकमेकींना चिकटून एक होतात. पुढे जन्माला येते ती एकच मुलगी, पण तिच्यात डी.एन.ए.चे संच दोन. काही पेशी एकीच्या, काही दुसरीच्या.

लोकलमध्ये येताना पप्पा झोपले आणि मी मोबाईलवर वाचत बसले. (त्या आठवड्याची सबमिशन्स कशी झाली ते विचारू नका.) कायमेरा हा ग्रीक पुराणातला प्राणी. पुढून सिंह, मध्ये बकरी, शेपटीला साप. आपल्याकडे नरसिंह आहे, गणपती आहे, गडांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ आहे. फरक एवढाच की आपण त्यांना हात जोडतो.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रक्तगटांच्या इतिहासात आपल्या मुंबईचं नाव कायमचं कोरलेलं आहे. १९५२ साली केईएममधले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं की जे ए, बी, ओ कशातच बसेना. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो असं धरतात. ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या शोधनिबंधावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्या बरोबरीने लंडनच्या रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांची नावं आहेत. आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, याच सँगर आणि रेस यांच्याकडे इंग्लंडमधल्या एका रक्तदात्या बाईचं रक्त आलं. त्यात ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही पेशी! निबंधात तिचं नाव फक्त ‘मिसेस मॅक.’ असं आहे. तिला विचारलं, बाई, तुम्हाला जुळं भावंड होतं का? होतं. भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी, तीन महिन्यांचा असताना गेला होता. दोघं पोटात असताना त्याच्या रक्ताच्या पेशी तिच्यात आल्या आणि तिथेच राहिल्या. तो गेला, पण त्याचं रक्त बहिणीच्या अंगात तयार होतच राहिलं. माणसातला रक्ताचा कायमेरा म्हणून नोंदली गेलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या बाबतीत मिसळलं होतं ते फक्त रक्त, अख्खे गर्भ नव्हेत. पण तिचाही शोध रक्तदानातूनच लागला, बिस्किटाचा पुडा तिलाही मिळाला असेल!

पुढच्या गोष्टी जास्त विचार करायला लावणाऱ्या आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला कॅरन कीगन या बाईंना किडनी हवी होती. तीन मुलांचं रक्त तपासलं, तर रिपोर्ट म्हणाला, यातली दोन मुलं तुमची नाहीतच! स्वतःच्या पोटी जन्मलेली मुलं. शेवटी त्यांच्या शरीरातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पेशी तपासल्या तेव्हा कळलं की रक्तात एक संच आहे आणि बाकी काही अवयवांत दुसराही. २००२ मध्ये हे शोधनिबंधातून प्रसिद्ध झालं. त्याच सुमाराला वॉशिंग्टन राज्यात लिडिया फेअरचाइल्ड या तरुण आईने सरकारी मदतीसाठी अर्ज केला, डी.एन.ए. टेस्ट झाली आणि तिच्यावर फसवणुकीचा संशय घेतला गेला. तिसरं मूल जन्मताना कोर्टाने साक्षीदार उभा केला, तिथल्या तिथे रक्त घेतलं, तरी तेच, जुळेना! कीगनबाईंची केस तिच्या वकिलाच्या वाचनात आली म्हणून ती सुटली. तिच्यातली दुसरी बहीण सापडली.

उद्या मला मूल झालं आणि ते माझ्या दुसऱ्या संचातून आलं, तर रिपोर्टप्रमाणे मी त्याची कोण? मावशी! ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणतात. इथे दोघी एकाच अंगात. हा विनोद मी मैत्रिणींना सांगितला तेव्हा त्या हसल्या. मीही हसले. रात्री होस्टेलवर झोप मात्र आली नाही.

मग टेस्ट का करून टाकत नाही, असं तुम्ही म्हणाल. टेस्टचं लॉजिक आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल असं आहे. डी.एन.ए.त ठरावीक ठिकाणं निवडतात. प्रत्येक ठिकाणी दोन खण, एक आईकडून, एक वडिलांकडून. सावळ्या कातडीचा तुकडा, उजळ कातडीचा तुकडा, रक्त आणि गालाच्या आतली लाळ, सगळं तपासायचं. कुठेही दोनच नमुने मिळाले तर बीज एक. एका ठिकाणी तीन किंवा चार मिळाले, आणि तेही एकदा नव्हे तर बऱ्याच ठिकाणी, तर बीजं दोन. एका हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत की एकाच सिस्टीमची एक फाइल बदललीय, हे ओळखण्यासारखंच. पण खर्च आमच्या घराला जड आहे, आणि मॅडमनी सरळ सांगितलं, “उत्तर काहीही आलं तरी ट्रीटमेंट बदलणार नाही, कारण ट्रीटमेंटची गरजच नाही.” सोनोग्राफी वगैरे सगळं नॉर्मल आहे. रक्ताची वेळ आलीच तर गोंधळ मिटेपर्यंत ‘ओ’ गटाच्या लाल पेशी द्याव्यात, असं एक पत्र त्यांनी लिहून दिलंय. ते लॅमिनेट करून मी पाकिटात ठेवते. तर आजच्या तारखेला माझ्या फाइलवर निदानाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे.

परंतु एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती सांगण्यासाठीच हा लेख. डीबगिंग करताना बग सापडला नाही तरी तो कुठे *नाही* हे कळू शकतं. ए-थ्री असेल तर ते बीज पडतानाच ठरलं. मोझेक असेल तर गर्भ अगदी नवा असताना. कायमेरा असेल तर पहिल्या काही दिवसांत. कातडीला रंग देणाऱ्या पेशीसुद्धा पाचव्या महिन्याच्या कितीतरी आधी आपापल्या वाटांनी निघून जागेवर पोचलेल्या असतात. तिन्ही चौकटींत कुठेही, कुठेही विळी बसत नाही.

हे आजीला सांगायचं होतं. पण कसं? मी बायॉलॉजी इंग्रजीत शिकले. झायगोट, सेल, फ्यूजन... कॉन्व्हेंटने मला हे सगळं दिलं, पण ते आजीपर्यंत न्यायला शब्द दिले नाहीत. दोन दिवस विचार केला. मग मागच्या दारी गेले. तिथे आजोबांनी लावलेला आंबा आहे. खाली रायवळ, वर हापूसचं कलम. बुंध्याकडून रायवळचा फुटवा आला की आजी तो खुडते.

म्हटलं, “आजी, हे झाड एक की दोन?”

“एक. नाय... दोन. पण एकच की.”

“मीपण तशीच असेन. पोटात आम्ही दोघी होतो. एकमेकींवर कलम झालं.”

आजी बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “कलम बांधलं कोणी?”

“कोणी नाही. आपलं आपण जुळलं.”

“कवा?”

“कार्तिकात. दिवाळीनंतर. आईला दिवस गेलेत हे तिला स्वतःलासुद्धा माहीत नव्हतं तेव्हा.”

आजीने बोटं मोडायला सुरुवात केली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. फाल्गुनाच्या बोटाशी ती थांबली. पुन्हा एकदा कार्तिकापासून मोजलं. पुन्हा तिथेच थांबली. मग माझा उजवा हात हातात घेतला, नंतर डावा घेतला, आणि म्हणाली, “दोघी जगल्या म्हणायच्या.” आईबद्दल ती एक शब्द बोलली नाही. माझ्या आजीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कोणी करू नये. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर ‘मी तवाच सांगितलं होतं’ हे वाक्य मी ऐकलेलं नाही.

दोन्ही घरांच्या भांडणाचंही उत्तर मिळालं. तिसरी चौकट खरी असेल तर माझ्यात शहापूरकडचं दोनदा आलंय आणि मुरबाडकडचंही दोनदा. तुमच्याकडे असं कोणी नव्हतं, आता आहे!

७ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. मी घरी होते. आजी आत माळ घेऊन बसली, तिचं ती पाळते. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने मागे बांगड्यांचा आवाज आला. आई बाहेर आली होती. ग्रहणात अंगणात उभी असलेली आई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ढगांतून जेवढा दिसला तेवढा तांबूस चंद्र आम्ही बघितला. ती म्हणाली, “एवढंच असतं होय?” आतून आजीने हाक मारली नाही.

प्लेसमेंट झाली तर पहिल्या दोन-तीन पगारांतून ती टेस्ट करायची असं मी ठरवलंय. कधी वाटतं, ए-थ्री निघालं तर? म्हणजे दुसरी कोणी नव्हतीच, आणि वर्षभर मी जिच्याशी मनातल्या मनात बोलले ती नुसती कल्पना. थोडं वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? तिचं मी एक नावही ठेवलंय, ते इथे सांगणार नाही. पण रिपोर्टात काहीही येवो, त्यात कैरी येणार नाही, हे आईला आत्ताच कळलंय. त्याला टेस्ट लागली नाही, पैसे लागले नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी एखादी आई अशीच कुठल्या तरी ग्रहणाचं, उपासाचं, पायगुणाचं ओझं वर्षानुवर्षं वाहत असेल, तर एवढंच करा. निदानाची वाट बघू नका. आधी तिला कशातून मोकळं करता येतं ते बघा, आणि ते तिच्या भाषेत जाऊन सांगा.